जुना कोट

ज्या गोष्टींत आपल्याला काडीइतकेंही करावयाचें नसतें, तिच्याविषयीं तासचे तास बोलत बसण्यासारखें दुसरें सुख नाहीं, असें माझें फार जुनें मत आहे. स्वतःच्या संसाराविषयीं माणूस जपून बोलतो. कारण जें बोललें तें उद्यां करावें लागेल, ही भीति त्याच्या मनांत असते. पण परराष्ट्रांचें धोरण, क्रिकेटच्या संघाची निवड आणि शेजाऱ्यांच्या मुलींचीं लग्नें या विषयांवर तुमची-आमची वाणी कशी मोकळेपणीं वाहते! मी जन्मानें आणि वृत्तीनेंही कोल्हापूरचा असल्यामुळें हें सुख मीं मनमुराद भोगलें आहे. शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबागेच्या मैदानाबाहेर उभें राहून, अमक्या पैलवानाच्या खुराकांत बदाम किती असावेत याचा काथ्याकूट करणाऱ्या मंडळींत, जन्मांत एक जोरही न काढलेले माझ्यासारखे गणिताचे मास्तर पुष्कळ असत. आमच्या पेठांतून फुटबॉलचें वेडही तसेंच जुनें. तालमीच्या संघांत यंदा कोणता नवा गडी यावयाचा, या प्रश्नावर मीं सख्ख्या मेहुण्याशीं दोन महिने अबोला धरला होता.

म्हणून २०२२ सालच्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन या गांवीं, माझ्या मुलाच्या घराच्या तळघरांत चार प्रौढ गृहस्थ एका सतरा वर्षांच्या मुलावरून हमरीतुमरीवर आलेले पाहिले, तेव्हां मला परक्या मुलखांत आल्यासारखें मुळींच वाटलें नाहीं. भाषा तेवढी इंग्रजी होती आणि खिडकीच्या कांचेबाहेर मातीऐवजीं बर्फाचा ढीग होता.

त्या देशांत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचा आणि चेंडूचा संबंध क्वचितच येतो, हें वाचकांना ठाऊक असेलच. चेंडू लांबट असतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. सरकले कीं पुन्हां चार प्रयत्न मिळावयाचे. पुढें सरकण्याचे मुख्य मार्ग दोन. एकानें चेंडू लांब फेंकावयाचा आणि दुसऱ्यानें धांवतां धांवतां तो झेलावयाचा, हा एक. चेंडू पोटाशीं घट्ट धरून समोरच्या दांडग्या माणसांच्या भिंतींत फट शोधावयाची आणि तींतून मुसंडी मारावयाची, हा दुसरा. ही मुसंडी मारणारा जो गडी त्याला रनिंग बॅक म्हणतात. खासबागेंतल्या कोणाही वस्तादाला हा गडी पहिल्या नजरेंतच पसंत पडला असता.

मॅडिसनला हा खेळ म्हणजे गांवचा कुळाचारच आहे. २०२० सालच्या खानेसुमारींत गांवची वस्ती सुमारें २ लाख ७० हजार भरली. आणि विद्यापीठाच्या क्रीडांगणांत ७५ हजारांहून अधिक माणसें बसतात. त्या जागेचें नांव कॅम्प रँडल. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें तेव्हां सैनिकांना तयार करण्याची छावणी तेथें होती. १९१७ पासून तेथें फुटबॉल खेळतात. विद्यापीठाच्या संघांत विद्यार्थीच खेळतात, पण ते विद्यार्थी कोणते असावेत हें दैवावर सोडलेलें नसतें. देशभरांतल्या शाळांतून चांगले खेळाडू हेरावयाचे, त्यांच्या घरीं जाऊन आईबापांशीं गोड बोलावयाचें, शिष्यवृत्ति देऊं करावयाची, असा हा मोठा उद्योग आहे. मुलीला स्थळें येतात तशीं त्या मुलांना विद्यापीठें सांगून येतात. जाणती मंडळी प्रत्येक मुलाला तारे बहाल करतात. जास्तींत जास्त पांच. मग एके दिवशीं तो मुलगा एका कागदावर सही करतो आणि हजारों अनोळखी माणसांच्या घरीं दिवाळी तरी होते किंवा सुतक तरी येतें.

आमच्या तळघरांत ज्याची चर्चा चालली होती तो मुलगा फ्लोरिडाचा. चार ताऱ्यांचा रनिंग बॅक. सहीचा दिवस येत्या बुधवारीं, २१ डिसेंबरला होता. चर्चेस बसलेले गृहस्थ असे : एक विम्याच्या कचेरींतले, एक शाळेंत शास्त्र शिकविणारे, तिसरा माझा मुलगा, आणि चवथे पंच्याऐंशीच्या घरांतले एक म्हातारबुवा. हे शेवटचे गृहस्थ तीस वर्षें पायीं हिंडून गांवांत टपाल वांटीत असत. माझा मुलगा शिकावयास आला तेव्हां तो प्रथम त्यांच्याच घरीं भाड्यानें राहिला होता, एवढें मला माहीत होतें. ते फारसें बोलत नसत. गुडघ्यांवर शाल घेऊन खारे दाणे खात बसत.

विमेवाल्यांचा आक्षेप थंडीवर होता. “तें पोर फ्लोरिडाचें. त्याच्या गांवीं डिसेंबरांत लोक समुद्रांत पोहतात. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या मैदानावर वारा सुटला म्हणजे त्याच्या बोटांना चेंडू तरी लागेल का?”

मास्तरांनीं तत्काळ दाखला दिला. जेम्स व्हाइट हा खेळाडू फ्लोरिडांतल्या फोर्ट लॉडरडेलचा. २०१० ते २०१३ या चार वर्षांत याच मैदानावर आणि याच थंडींत त्यानें चार हजारांहून अधिक यार्ड काढले. आणि पुढें २०१७ सालीं धंदेवाईक संघांच्या अंतिम सामन्यांत निर्णायक मुसंडी त्याचीच होती. “थंडी ही संवयीची गोष्ट आहे,” मास्तर म्हणाले, “आणि खरें म्हणजे थंडी ही रनिंग बॅकची सख्खी मैत्रीण आहे.”

हें शेवटचें विधान मला चमत्कारिक वाटलें, पण त्यामागें चांगलें शास्त्र होतें. हवा गोठली म्हणजे चेंडू दगडासारखा टणक होतो. बोटें बधिर होतात. वारा फेंकलेल्या चेंडूला भलतीकडे नेतो. अशा वेळीं फेंकणारा आणि झेलणारा दोघेही पंगू होतात आणि सारी भिस्त पोटाशीं चेंडू धरून धांवणाऱ्यावर येते. थंडी फारच झाली तर तोही उपाय चालत नाहीं. १९५० सालच्या नोव्हेंबरांत ओहायो आणि मिशिगन येथील विद्यापीठांचा सामना हिमवादळांत झाला. मिशिगनच्या संघाला सबंध सामन्यांत एकदांही ते दहा यार्ड पुरे करतां आले नाहींत, आणि तरी तो ९ विरुद्ध ३ गुणांनीं जिंकला! समोरच्यांच्या अडखळण्यावरच त्यांनीं आपलें साधून घेतलें.

मग सर्वांना आपल्या गांवच्या पुण्यपुरुषांची आठवण झाली. १९५४ सालीं हाइझमन नांवाचें सर्वांत मोठें पारितोषिक मिळविणारा अॅलन अमीची. १९९९ सालीं तेंच पारितोषिक पटकावणारा रॉन डेन. २०१४ च्या नोव्हेंबरांत हिम भुरभुरत असतांना नेब्रास्काविरुद्ध अवघ्या तीन डावांत ४०८ यार्ड धांवलेला मेल्विन गॉर्डन. आणि २०१७ पासून तीन वर्षांत सहा हजारांहून अधिक यार्ड काढणारा जॉनथन टेलर. हा टेलर शाळेंत असतांना तीनच ताऱ्यांचा होता, हें सांगतांना मास्तरांचा चेहरा असा खुलला कीं, नापासाच्या यादींतून पहिला नंबर काढणाऱ्या शिक्षकाची मला आठवण झाली. पण लगेच सर्वांचीं तोंडें उतरलीं. तीनच आठवड्यांपूर्वीं ल्यूक फिकेल हे नवे प्रशिक्षक नेमले गेले होते, आणि हल्ल्याची योजना त्यांनीं ज्यांच्या हातीं सोंपविली ते फिल लाँगो फेंकीच्या खेळाबद्दल प्रसिद्ध होते. मुसंडीच्या गांवांत फेंकीचा पुजारी आला! अशा वेळीं फ्लोरिडाचा तो मुलगा येणें, न येणें हा धर्माचाच प्रश्न होऊन बसला होता.

मी गणिताचा शिक्षक. मला या वादाची गोडी लागली. त्या मुलाचें वजन किती पौंड, चाळीस यार्ड तो किती सेकंदांत धांवतो, गेल्या हंगामांत दर धांवेला सरासरी किती यार्ड पडले, हें सर्व त्या मंडळींना मुखोद्गत होतें. मीही कागद घेऊन सरासऱ्या तपासूं लागलों. इतक्यांत म्हातारबुवांनीं दाण्यांची वाटी खालीं ठेवली आणि विचारलें, “त्या पोराकडे कोट आहे का?”

सगळे हंसले. विमेवाले म्हणाले, “आजोबा, चाहत्यानें खेळाडूला कोट दिला तर पूर्वीं संघाला शिक्षा होत असे. आतां २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवावर पैसे मिळवितां येतात. आतां तोच तुम्हांला कोट घेऊन देईल!” पुन्हां हंशा झाला. मीही हंसलों. माझा मुलगा मात्र हंसला नाहीं. तो उठून वाटींत आणखी दाणे घालूं लागला.

बुधवारीं सकाळीं त्या मुलानें दक्षिणेंतल्या एका विद्यापीठाच्या कागदावर सही केली. विमेवाल्यांनीं “मी म्हणतच होतों” असें कळविलें. मास्तरांनीं त्या दिवशीं वर्गांत काय शिकविलें देव जाणे. म्हातारबुवांना मुलानें दूरध्वनीवरून बातमी सांगितली तेव्हां ते म्हणाले, “बरें झालें. आईच्या जवळ राहील.” एवढेंच.

त्यानंतर दोन दिवसांनीं, म्हणजे नाताळच्या आधल्या शुक्रवारीं, जी थंडी पडली ती मी जन्मांत विसरणार नाहीं. पारा शून्याखालीं वीस अंशांच्या आसपास उतरला होता आणि वर वारा. तेथील मेंडोटा नांवाचें विस्तीर्ण सरोवर त्या नाताळच्या सुमारास गोठलें. कोल्हापुरास पहांटे बारा अंश झाले कीं मी कानटोपी घालून रंकाळ्यावर जातों आणि “आज काय कडाका आहे!” असें दहा जणांना सांगतों. तेव्हां खरी थंडी कशी असते हें पाहूनच घ्यावें, असा हट्ट धरून मी सुनेनें दिलेला जाडजूड कोट, दोन मोजे, हातमोजे आणि लोंकरी गळपट्टा असा सरंजाम चढवून फाटकापर्यंत गेलों. पहिल्याच श्वासाला नाकांतले केस ताठ झाले. डोळ्यांना पाणी आलें, आणि तें पापण्यांवरच थिजलें. हवेला वास नव्हता, आवाज नव्हता. नुसती एक धार होती आणि ती चेहऱ्यावर फिरत होती. चार मिनिटांत मी परत फिरलों.

दार लावून घेतलें, आणि हातमोजे काढतां काढतां माझ्या तोंडून एक प्रश्न गेला. तो विचारावयास मला तेवीस वर्षें लागलीं होतीं.

“अरे, तूं पहिल्या वर्षीं आलास तेव्हां तुझ्याकडे कोट कोणता होता?”

मुलगा चहा करीत होता. पाठ न वळवितां तो म्हणाला, “नव्हता, अण्णा.”

“नव्हता म्हणजे?”

“म्हणजे आईनें विणलेला स्वेटर होता. त्याच्या खालीं दुसरा. वरून कोल्हापूरचा रेनकोट.” तो हंसला. “रेनकोटानें वारा अडतो चांगला. त्यांत काय एवढें, अण्णा?”

मग मीं खोदून विचारलें आणि त्यानें तुटक तुटक सांगितलें. तो १९९९ च्या ऑगस्टांत आला. नोव्हेंबरांत कोणी तरी त्याला एका सामन्यास नेलें. रॉन डेननें विद्यापीठीय फुटबॉलमधला सबंध कारकीर्दीचा विक्रम मोडला तो हा सामना. हजारों माणसें पांढरे रुमाल फडकवीत होतीं. त्याला खेळांतलें कांहीं कळलें नाहीं. पण इतकीं माणसें एकदम आनंदलेलीं पाहून बरें वाटलें. प्रयोगशाळेपासून घरापर्यंत सरोवराच्या कांठानें पंचवीस मिनिटें चालावें लागे. जानेवारींत एका रात्रीं तो घरीं पोंचला तेव्हां त्याच्या एका कानाची पाळी पांढरी फटक पडली होती आणि तिला हात लावलेला कळत नव्हता. जिन्याच्या तोंडाशीं घरमालक उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. आंत गेले, आपला जुना, अस्तर फाटलेला, पण चांगला जाड कोट घेऊन आले आणि तो त्याच्या खांद्यावर टाकला. पैशांचें विचारलें तेव्हां म्हणाले, “पुढच्या वर्षीं कोणी तरी नवा पोरगा उघडा येईलच. त्याला दे.” त्याप्रमाणें पुढच्या हिवाळ्यांत मुलानें तो मदुराईहून आलेल्या एका विद्यार्थ्याला दिला. त्यानें कोणाला दिला हें माहीत नाहीं.

“पण तूं विकत कां घेतला नाहींस? शिष्यवृत्ति तर मिळत होती.”

यावर तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुमचें पत्र आलें होतें.”

तें पत्र मला शब्दन् शब्द आठवलें. पतपेढींतून मीं त्याच्यासाठीं ऐंशी हजारांचें कर्ज काढलें होतें. दर महिन्याला हप्त्याचा आंकडा मी घरच्या वहींत लाल शाईनें लिहीत असें. त्या पत्रांत मीं लिहिलें होतें कीं, परदेशांत पैसा पाण्यासारखा जातो, तरी आपल्यावर कर्ज आहे हें क्षणभरही विसरूं नये आणि अनावश्यक खर्च कटाक्षानें टाळावा. अक्षर मुद्दाम वळणदार काढलें होतें. टपालांत टाकण्यापूर्वीं तें मीं दोघा सहकाऱ्यांना वाचूनही दाखविलें होतें. वडिलांचें पत्र असावें तर असें, असें ते म्हणाले होते.

आणि त्याच्या जाण्यापूर्वींचे ते दोन महिने! शिक्षकांच्या खोलींत दुसरा विषय नव्हता. त्याचे गुण किती, प्रवेशपरीक्षेंत तो शेंकडा किती मुलांच्या पुढें गेला, शिष्यवृत्ति डॉलरांत किती आणि रुपयांत किती, पदवी हातीं पडल्यावर पगार किती होईल, याचे हिशेब आम्ही फळ्यावर मांडीत होतों. कोणी म्हणे पूर्वेकडचें विद्यापीठ बरें, कोणी म्हणे पश्चिमेकडचें. माझ्या मुलाला किती तारे होते, हें तेव्हां सबंध शाळेला पाठ होतें. मॅडिसनचें नांव नकाशांत मींच बोट ठेवून दाखविलें होतें. नकाशावर तें गांव दोन सरोवरांच्या मध्यें, निळ्या रंगांत, फार सुंदर दिसे. तेथें हिवाळ्यांत तें निळें पाणी दगडासारखें होतें आणि त्यावरून माणसें चालतात, हें कोणी विचारलें नाहीं आणि मीं सांगितलें नाहीं.

एकच व्यक्ति बोलली होती. सामान भरतांना आमच्या मंडळी म्हणाल्या होत्या, “तिकडे थंडी फार असते म्हणे. एक चांगला कोट घेऊन देऊं या का?” मीं म्हटलें, “इकडचे कोट तिकडे काय कामाचे? गेल्यावर घेईल.” हें उत्तर तर्काला धरूनच होतें. कोल्हापुरांत तशा थंडीचा कोट मिळालाही नसता. पण ‘गेल्यावर घेईल’ असें म्हणणाऱ्यानेंच तीन महिन्यांनीं ‘घेऊं नकोस’ असें लिहिलें होतें.

त्या रात्रीं मीं तिला सारें सांगितलें. मला वाटलें, ती चिडेल. ती बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतें. त्यानें पहिल्या वर्षीं फोटो पाठविला होता, त्यांत तो रेनकोट होता. तुम्ही म्हणालां, बघ, कसा साहेब दिसतो.”

दुसऱ्या दिवशीं मुलाबरोबर मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलों. तुमचा कोट माझ्या मुलाच्या अंगावर होता, हें मला काल कळलें, असें कांहींसें बोलावयाचें मनांत जुळवून ठेवलें होतें. इंग्रजी वाक्यें दोनदां घोकलींही होतीं. पण त्यांनीं दार उघडतांच माझ्या खांद्यावरचा कोट चिमटींत धरून पाहिला आणि म्हटलें, “हा ठीक आहे. पण गळ्याशीं उघडा राहतो. वरचें बटण लावा.” मीं तें लावलें. मग आम्ही तिघेही त्यांच्या दिवाणखान्यांत बसून, फ्लोरिडाचा मुलगा गेला तर गेला, पुढल्या वर्षीं कोणता रनिंग बॅक येण्याचा संभव आहे, याची चर्चा करूं लागलों. जुळवून नेलेलीं वाक्यें तशींच राहिलीं.

मी कोल्हापुरास परत आलों आहें आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळीं नेहमींप्रमाणें बसतों. हल्लीं आमच्या पेठेंतलींही पुष्कळ मुलें परदेशीं शिकावयास जातात. परवां एका स्नेह्यांचा नातू निरोप घेण्यास कट्ट्यावर आला. कॅनडांत विनिपेगला निघाला आहे. मंडळींनीं त्याला घेरलें. फी किती, कर्ज कोणत्या बँकेचें, नोकरी लागल्यास पगार किती, तेथें कायमचें राहतां येईल का, असे प्रश्न सुरू झाले आणि प्रत्येक उत्तरावर दहा मतें पडूं लागलीं. माझी पाळी आली तेव्हां मीं विचारलें, “बाळ, कोट घेतलास का?”

सगळे हंसले. “मास्तर, हा काय प्रश्न झाला!” कोणी तरी म्हणालें. तो मुलगाही हंसला आणि म्हणाला, “गेल्यावर घेईन, आजोबा.”

मीं त्याला जरा बाजूला नेलें, आणि कोणत्या दुकानांतून, कोणत्या महिन्यापूर्वीं आणि कोणत्या पैशांतून घेणार, हें नीट सांगितल्यावांचून त्याला सोडलें नाहीं.